वादळ मुंबईवरून टळलं, म्हणजे नक्की गेलं कुठे?

(पोस्ट मोठी आहे. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा. पण किनाऱ्यावर राहत असाल, किंवा किनाऱ्यावर तुमचं घर, वाडी, म्हातारे आई-वडील असतील, तर नक्की वाचा.)

२ जून २०२०. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. वीज अजून होती, नेट चालू होतं. मी जिल्हा आवृत्तीसाठी शेवटची बातमी टाकत होतो. मथळा होता, ‘१२९ वर्षांनंतर प्रथमच चक्रीवादळ किनाऱ्यावर’. खाली चौकट: ‘१८८२ साली मुंबईत आलेल्या वादळात एक लाख बळी’. दोन्ही गोष्टी मी कुठून तरी उचलल्या होत्या. सगळे चॅनेल तेच सांगत होते. मी काही तपासलं नाही. वेळ नव्हता असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

तो पेपर दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोचलाच नाही. पण मोबाइलवर फिरला. वादळानंतर दहा-बारा दिवसांनी कोळीवाड्यात फोटो काढत होतो, तिथे एका म्हाताऱ्या नाखव्याने मला थांबवलं. मला लहानपणापासून ओळखतात. म्हणाले, ‘तू लिवलंस का रं, एकशे एकोणतीस वरसांत वादल आला नाय म्हनून?’

म्हटलं, ‘हो काका.’

‘मंग फयानात माझा भाचा कशानं गेला?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला धडकलं. म्हणजे माझ्या त्या बातमीच्या जेमतेम साडेदहा वर्षं आधी. तेव्हा मी पत्रकारितेत होतो. फयानच्या बातम्या मी स्वतः दिल्या होत्या. तरीही बोटांनी ‘१२९ वर्षांनंतर’ टाइप केलं.

ही पोस्ट म्हणजे त्या बातमीचं शुद्धिपत्र आहे. उशिरा का होईना.

दीड दिवसाची तयारी

आधी ते दोन दिवस आठवूया. १ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला. २ जूनच्या दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं, निसर्ग. नाव बांगलादेशाने सुचवलेलं. नव्या यादीतलं पहिलंच. ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. म्हणजे ‘वादळ येतंय’ हे पक्कं कळल्यापासून आमच्या हातात होता साधारण दीड दिवस.

किनाऱ्यावरच्या माणसाला तयारी नवी नाही. मे महिन्यात आमच्याकडे आगोट असते. पावसाळ्याचं सामान भरून ठेवायचं: तांदूळ, मीठ, मसाला, सुकट, बोंबील, आमसुलं, लाकूडफाटा. कौलं परतायची. झापं विणून पडवीला लावायची. होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या. मग नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे पाठ. शेकडो वर्षं ही शिस्त चालत आली. कारण पावसाळा तारीख सांगून येतो.

चक्रीवादळ तारीख सांगून येत नाही. अरबी समुद्रात ते मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन फटींत येतं. पावसाळ्याच्या अगदी आधी, किंवा अगदी नंतर. पहिल्या फटीत आगोट अर्धी झालेली असते, कौलं उतरवून ठेवलेली असतात. दुसऱ्या फटीत होड्या खोल समुद्रात असतात, भात खळ्यावर असतं. म्हणजे आपली जुनी तयारी जिथे संपते किंवा सुरूच झालेली नसते, नेमकं तिथे.

२०२० ला तर लॉकडाऊन होता. निम्म्या घरांची कौलं परतायची राहिली होती, कारण माणसं मिळत नव्हती. दुकानं ठरावीक तासच उघडी. तरी त्या दोन जूनला लोकांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. खाडीत होड्या एकाला एक दोरांनी बांधल्या. पत्र्यांवर चिरे ठेवले, मग कुणीतरी सांगितलं की चिरा उडाला तर जीव घेईल, म्हणून ते उतरवून पत्रे तारेने वाशांना आवळले. तांदळाचे डबे प्लॅस्टिकच्या पिंपात टाकून झाकणं चिकटपट्टीने बंद केली. घरातला प्रत्येक मोबाइल चार्ज. हंडे-कळशा भरून. मेणबत्त्या दुपारपर्यंत संपल्या, मग पणत्या निघाल्या. गुरांची दावी सोडली, हे महत्त्वाचं. बांधलेलं जनावर गोठ्याखाली मरतं, मोकळं असलं तर आडोसा शोधतं. हे कुठल्याही पत्रकात नव्हतं, आमच्या आजीला माहीत होतं.

आणि एक अडचण अशी, जिची कुठल्याच आराखड्यात सोय नव्हती. वादळात किनाऱ्यालगतची, कच्च्या घरातली माणसं हलवायची कुठे? कायम ठरलेली जागा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. गावातली तीच एक पक्की इमारत. पण शाळांमध्ये त्या वेळी कोण होतं? मुंबईहून आलेले चाकरमानी, चौदा दिवस विलगीकरणात. म्हणजे एका संकटापासून वाचायला ज्या खोलीत माणसं ठेवली, दुसऱ्या संकटापासून वाचायला तीच खोली हवी होती. ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, सरपंच यांनी रात्रभर फिरून कुणाला समाजमंदिरात, कुणाला देवळात, कुणाला पक्क्या घराच्या ओटीवर नेलं. मास्क लावून. जिल्ह्यात अशी हजारो माणसं हलवली गेली. त्या रात्रीचं श्रेय या माणसांना कुणी दिलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

अकरा नंबरचा बावटा

बंदरावर वादळाचे बावटे लागतात हे किनाऱ्यावरच्या पोरालाही माहीत असतं. तीन नंबरचा लागला की मोठी माणसं आभाळाकडे बघायला लागतात. एक ते अकरा असे नंबर आहेत. आठ, नऊ, दहा म्हणजे महाधोका. पण अकरा नंबर वादळाच्या ताकदीबद्दल नाहीच. अकरा नंबरचा अर्थ, इशारा देणाऱ्या केंद्राशी बंदराचा संपर्क तुटला आहे. म्हणजे आता बाहेरून काही कळणार नाही. जे आहे ते तुमचं तुम्ही बघा. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसांनी संपर्क तुटणं हाच सगळ्यात वरचा धोका मानला होता.

३ जूनच्या दुपारी आमच्यावर तीच वेळ आली. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा दोन-तीन तास. विजेचे खांब आडवे, मोबाइलचे मनोरे बंद. रस्त्यावर आंबा, फणस, वड. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली, सगळा पट्टा जगापासून तुटला. मुंबईतल्या मुलांना गावी आई-बाप जिवंत आहेत की नाही हे कळायला कुणाला दोन दिवस लागले, कुणाला चार.

आणि त्याच संध्याकाळी, जिथे टीव्ही चालू होते तिथे, पट्टी फिरत होती: ‘मुंबईवरचं संकट टळलं’.

खरंच टळलं होतं. त्याचा आनंदच आहे, तिथे आमचीच माणसं राहतात. पण ‘टळलं’ या शब्दाने बातमी संपली. वादळ हवेत विरलं नव्हतं. ते आमच्या वाड्यांवरून गेलं होतं. आम्ही ते सांगायला फोन नव्हता.

५ जूनला वटपौर्णिमा होती. आमच्या पारावरचा वड मुळासकट पडला होता. बायकांनी आडव्या पडलेल्या वडालाच सूत गुंडाळलं.

१८८२: एक लाख बळी, जे कधी गेलेच नाहीत

आता माझ्या चौकटीकडे येतो. ६ जून १८८२ ला मुंबईत महाचक्रीवादळ आलं आणि एक लाख माणसं मेली, असं तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. जगातल्या सर्वात जीवघेण्या वादळांच्या याद्यांमध्ये वर्षानुवर्षं हे नाव होतं. पुस्तकांत होतं, संकेतस्थळांवर होतं.

हे वादळ झालंच नव्हतं. अभ्यासकांनी हवामानाच्या नोंदी, त्या काळची वर्तमानपत्रं तपासली. काहीही नाही. कुणीतरी कधीतरी लिहिलं आणि बाकीच्यांनी माझ्यासारखंच उचललं.

खरं तर एवढं संशोधन करायचीही गरज नाही. साधा हिशेब करा. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती सुमारे ७ लाख ७३ हजार. एक लाख मेले असते तर दर आठ माणसांमागे एक माणूस गेला असता. १८९१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाख २१ हजारांच्या वर. एवढं मोठं भगदाड आकड्यांत कुठे दिसत नाही.

आणि मराठी माणसासाठी तर आणखी सोपा पुरावा आहे. १८८२ साली मुंबईत काय चालू होतं? कोल्हापूर प्रकरणातला अब्रूनुकसानीचा खटला. १७ जुलै १८८२ ला टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी डोंगरीच्या तुरुंगात झाली. तिथले १०१ दिवस आगरकरांनी पुढे पुस्तकात लिहिले. ज्या शहरात जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी लाख माणसं मेली, तिथे प्रेतं उचलायची सोडून हायकोर्टात मानहानीचा खटला शांतपणे चालला असता? ‘केसरी’ १८८१ पासून निघत होता. आमच्या धंद्याचे पूर्वज तेव्हा जागे होते. हे शाळेत शिकलेलं सगळं मला माहीत होतं. दोन माहित्या एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नाहीत, एवढंच.

तुम्ही म्हणाल, चुकीचा आकडा छापला, त्यात बिघडलं काय? उलट लोक सावध झाले असतील. नाही. खोट्या महावादळाने खरी वादळं झाकली. मे १६१८ मध्ये वसईच्या पट्ट्यात मोठं वादळ झाल्याच्या पोर्तुगीजांच्या नोंदी आहेत. १ नोव्हेंबर १८५४ ला मुंबईने खरंखुरं जीवघेणं वादळ पाहिलं. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट वादळात सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. बोटही सापडली नाही, माणसंही नाहीत. नोव्हेंबर १९४८ मध्ये पुन्हा मुंबईवर चक्रीवादळ आलं. मग २००९ चं फयान. ही सगळी खरी. पण माझ्या चौकटीत यातलं एकही नव्हतं, कारण कुणाकडेही ‘एक लाख’ नव्हते.

१२९ वर्षं म्हणजे काय?

आता मथळा. ‘१२९ वर्षांनंतर प्रथमच’ हे आलं कुठून? मूळ विधान असं होतं की, १८९१ पासूनच्या नोंदींत *जून महिन्यात* महाराष्ट्राच्या किनाऱ्याला धडकलेलं हे पहिलं चक्रीवादळ. त्यातला ‘जून’ आम्ही गाळला. मथळ्यात बसत नव्हता.

पण त्याहून मोठी गंमत १८९१ मध्ये आहे. १८९१ ला कुठलं वादळ आलं होतं म्हणून ते साल नाहीये. हवामान खात्याच्या वादळांच्या नकाशांची वही १८९१ पासून सुरू होते, म्हणून ते साल आहे. म्हणजे १२९ हे वहीचं वय होतं. आम्ही ते वादळाचं वय करून टाकलं.

याचा परिणाम काय झाला ते मी गावात पाहिलं. लोक म्हणायला लागले, ‘सव्वाशे वर्षांतून एकदा येणारं होतं, येऊन गेलं. आता आपल्या नातवंडांच्या नातवंडांना.’ तहसीलातला एक माणूस मला हेच म्हणाला. बँकेतला म्हणाला. मीच लिहिलेलं वाक्य मला परत ऐकायला मिळत होतं.

वर्ष पुरं व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं.

इशारा कुणाच्या मरणातून जन्मतो

वादळाचा इशारा ही गोष्ट आपल्याला फुकट मिळालेली नाही. ‘सायक्लोन’ हा शब्दच आपल्या देशात तयार झाला. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा अधिकारी होता, जहाजांच्या नोंदवह्या जमवून वादळांचा अभ्यास करायचा. १८४८ च्या सुमारास वेटोळं घातलेल्या सापावरून त्याने हा शब्द बनवला. पुढे सरकारने कलकत्त्याजवळ मातला नदीवर नवं बंदर बांधायचं ठरवलं. पिडिंग्टनने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीला पत्र लिहून सांगितलं, इथे बांधू नका, वादळाबरोबर समुद्र आत येईल आणि सगळं घेऊन जाईल. कुणी ऐकलं नाही. बंदर बांधलं, कॅनिंग असं नाव दिलं. १८६७ च्या वादळात समुद्र आत आला आणि काही वर्षांत बंदर सोडून द्यावं लागलं. पिडिंग्टन तोवर वारला होता.

त्याआधी, ५ ऑक्टोबर १८६४ ला, खुद्द कलकत्त्यावर वादळ आलं. हुगळीत समुद्राची लाट घुसली. पन्नास-साठ हजार माणसं मेली, बंदरातली बहुतेक जहाजं मोडली. मग १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. बावटे आले.

पुढेही तसंच. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळाने काही लाख माणसं नेली. त्यानंतर बांगलादेशाने गावोगाव स्वयंसेवक उभे केले, हातात भोंगा, झेंडे, सायकल. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात पारादीपजवळ महाचक्रीवादळ आलं, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर ओडिशाने आपत्तीसाठी वेगळं प्राधिकरण उभारलं, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावातल्या पोरांना शिकवलं. १४ वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, तिथेच फायलिन आलं. या वेळी सुमारे दहा लाख माणसं आधीच हलवली. बळी पन्नासच्याही आत राहिले. वादळ लहान नव्हतं, तयारी मोठी होती.

एक गोष्ट लक्षात येते का? प्रत्येक ठिकाणी आधी प्रेतं मोजली गेली, मग व्यवस्था आली. ओडिशा आणि आंध्रासाठी राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाचा पहिला टप्पा २०११ ला मंजूर झाला. महाराष्ट्र दुसऱ्या टप्प्यात, २०१५ ला. आमच्याकडे निसर्गमध्ये बळींची संख्या एक आकडी राहिली. ही हवामान खात्याची, प्रशासनाची आणि त्या रात्री फिरलेल्या माणसांची मोठी कामगिरी आहे, यात शंका नाही. पण माझ्या मनात तेव्हापासून एक घाणेरडा विचार येतो, तो लिहूनच टाकतो. माणसं मेली नाहीत म्हणून आमच्याकडे कुणी नीट बघितलं नाही.

झाडामागे किती?

कारण जे मेलं ते झाड होतं. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. इथली वाडी गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठे, पंधरा गुंठे. पोफळी, माड, मधे जायफळ, खोडांवर मिरवेल. पोफळ लावल्यापासून फळायला सहा ते आठ वर्षं, भरात यायला त्याहून जास्त. आजोबाने लावायची, नातवाने खायची.

सरकारने भरपाईचे निकष वाढवले, फळबागांना हेक्टरी ५० हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ऐकायला बरं वाटतं. आता हिशेब करा. एका हेक्टरात जवळजवळ ९९ गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशेच्या आसपास. दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. दहा गुंठ्यांत शास्त्राप्रमाणे अंतर राखून लावल्या तरी सव्वाशे-दीडशे पोफळी बसतात. पोफळीमागे तीस-चाळीस रुपये. पडलेलं झाड तोडून बाहेर काढायची मजुरी त्याहून जास्त होती. कटर चालवणारा मिळत नव्हता, मिळाला तर दिवसाचे दर विचारू नका. म्हणूनच लोक ‘हेक्टरी नको, झाडामागे द्या’ म्हणत होते. हेक्टराचं माप घाटावरच्या शेतीसाठी ठीक असेल. आमची वाडी त्या मापात बसत नाही.

एका वाडीवाल्या आजी मला म्हणाल्या, ‘बाळा, माणूस वाचला म्हणतात. पण माणूस कशावर जगणार ते कुणी विचारीना.’

तौक्तेने काय शिकवलं

मे २०२१ ला लोक शिकलेले होते. तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं. आमच्याकडे लोकांनी १५ तारखेलाच पत्रे आवळले, घरावर आलेल्या फांद्या तोडल्या, झाडावरचा आंबा मिळेल तेवढा उतरवला. जनरेटरसाठी आधीच गट केले. मुंबईत जम्बो कोविड केंद्रांतले रुग्ण वेळेत हलवले. म्हणजे एका वर्षाच्या आठवणीनेही किती फरक पडतो बघा.

आणि तरीही त्याच तौक्तेत, मुंबईपासून दूर समुद्रात तेलविहिरींच्या कामावरचा ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते. सत्तरच्या घरात माणसं गेली. इशारा नव्हता का? होता. काही दिवस आधीपासून होता. सगळ्यांना ऐकू गेला होता. पण इशारा ऐकणं आणि त्यासाठी काम थांबवणं, पैसे बुडवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो निर्णय ज्यांच्या हातात असतो ते बहुधा तराफ्यावर नसतात.

फयानमध्ये इशारा खोल समुद्रातल्या बोटींपर्यंत पोचला नाही. तराफ्यापर्यंत पोचला, पण मानला गेला नाही. निसर्गमध्ये पोचला, मानला गेला, माणसं वाचली. पण नंतरचं काहीच ठरलेलं नव्हतं. पायऱ्या तीन आहेत. आपण दोन चढलोय.

आणि वेळ फार नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं की गेल्या दोन दशकांत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली आहे. ती जास्त काळ टिकताहेत, जोरही वाढलाय. कारण समुद्र तापलाय. आपला समुद्र शांत, वादळं बंगालच्या उपसागराची, ही आपल्या लहानपणीची समजूत आता सोडून द्यायला हवी.

मग करायचं काय?

मी तज्ज्ञ नाही. पण सहा-सात ग्रामसभा बसून ऐकल्या, त्यातून लोकांनीच काढलेल्या गोष्टी लिहितो.

एक, आगोटीच्या यादीत वादळ घाला. एप्रिल संपायच्या आत तार, दोर, ताडपत्री, कोयता, करवत घरात हवी. कागदपत्रं, सातबारा, वाडीचे आणि झाडांचे फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत. निसर्गनंतर पंचनाम्याला ‘किती झाडं होती’ याचा पुरावा नव्हता म्हणून किती जण अडले!

दोन, शाळेशिवाय दुसरी पक्की जागा गावात कोणती, हे ग्रामसभेत आत्ता ठरवा. नाव लिहून भिंतीवर लावा.

तीन, अकरा नंबरच्या बावट्याची तयारी. फोन बंद पडणार हे धरूनच चाला. कुठल्या घरात एकटी म्हातारी माणसं आहेत, कोण आजारी, कोण बाळंतीण, ही यादी वहीत हवी, मोबाइलमध्ये नको. मुंबईतल्या मुलांनी गावातल्या एका माणसाला ही जबाबदारी आधीच सांगून ठेवावी.

चार, वीजवाहिन्या जमिनीखालून आणि भरपाई झाडामागे, या दोन मागण्या वादळ नसताना मागायच्या. वादळानंतर मंत्री येतात तेव्हा आपण पाणी आणि पत्रे मागतो, आणि तेवढंच मिळतं.

पाच, हे आम्हा पत्रकारांसाठी. ‘प्रथमच’ लिहिण्याआधी कोळीवाड्यात जाऊन विचारा.

मी परवा त्या नाखवाकाकांकडे जाऊन आलो. ही पोस्ट लिहितोय हे सांगितलं. म्हटलं, फयानच्या आधीची तुम्हाला आठवतात ती सगळी वादळं सांगा, मी लिहून घेतो. त्यांनी साल एकाचंही सांगितलं नाही. ‘मोठ्या पोरीचा लगीन झाला त्या वरसाचा’, ‘बापूस होता तवाचा’, ‘नवी होडी घेतली तवाचा’. एका तासात पाच झाली. वहीची दोन पानं भरली.

तुमच्या घरातही असं कुणीतरी असेल. त्यांच्याकडून लिहून घ्या आणि मला कळवा. १८९१ च्या वहीत जे नाही, ते आपल्याकडे आहे.

आणि शुद्धिपत्र: ३ जून २०२० च्या अंकातील मथळ्यात ‘१२९ वर्षांनंतर प्रथमच’ असे म्हटले होते, ते चुकीचे होते. चौकटीतील १८८२ च्या वादळाची माहितीही चुकीची होती. चुकीबद्दल दिलगीर आहे. विशेषतः ज्यांची माणसं फयानमध्ये गेली, त्यांची माफी मागतो.